वळा म्हटलं की वळायचं

ही गोष्ट खरी आहे.

मी स्वतः त्या धुक्यात नव्हतो. पण ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा आतेभाऊ. चष्म्याचं दुकान चालवतो. तिखटमीठ लावून सांगणाऱ्यांतला नाही. गिऱ्हाईकाला नंबर नसेल तर "तुम्हाला चष्म्याची गरज नाही" म्हणून सरळ परत पाठवतो. अशाने त्याचं दुकान कसं चालतं, हे मला त्या धुक्याइतकंच गूढ वाटतं.

आणि हो, रात्र नव्हती. स्मशान नव्हतं. रविवारची सकाळ होती. लख्ख उजेड होता...

निदान निघताना तरी.

पाच जणांचा त्यांचा सायकलचा ग्रुप. दर रविवारी शहराबाहेरच्या पेट्रोल पंपावर जमायचं, तिथून चढ चढून पठारावर जायचं, पवनचक्क्यांच्या रस्त्याने फेरी मारायची आणि उन्हं वर यायच्या आत परत. सगळ्यांत पुढे कोच. शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक, गळ्यात अजून शिट्टी. त्यांच्या मागे दातांच्या डॉक्टरीणबाई. मग बँकेतला कॅशियर. मग आमचा चष्मेवाला.

आणि सगळ्यांत शेवटी त्याचा धाकटा भाऊ.

धाकटा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. घरात सगळे त्याला धाकटाच म्हणत, पण ग्रुपमध्ये त्याचं नाव होतं 'अर्धा बेडूक'. लहानपणी जिन्यावरून पडून त्याचा डावा गुडघा मोडला आणि वाकडा बसला. त्यामुळे पायडल मारताना उजवा पाय शहाण्यासारखा सरळ चालायचा आणि डावा गुडघा दर फेरीला बाहेर पडायचा. मागून बघणाऱ्याला हसू आवरत नसे. धाकट्यालाही त्याचं काही नव्हतं. "बेडूक तर बेडूक, पण अर्धा का? पैसे पूर्ण भरतो मी चहाचे," असं म्हणायचा.

त्याच्या सायकलचं मागचं मडगार्ड ढिलं होतं. वायरने बांधलेलं. गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पण स्वतःच्या सायकलला कधी पाना लावला नाही. दिव्याखाली अंधार! तो मागून येतोय हे वळून बघावं लागायचं नाही.

खट... खट... खट...

हा आवाज आला की चष्मेवाला निर्धास्त असायचा. घरून निघताना आई दर रविवारी एकच वाक्य म्हणायची, "त्याला बरोबर घेऊन ये रे." धाकटा तिशी ओलांडलेला, मिशीवाला बाप्या. तरी आईचं वाक्य काही बदललं नाही.

आता त्यांचा एक नियम सांगतो. सगळं त्याच्यावर आहे.

त्या पठारावरच्या हवेचा काही भरवसा नाही. पाच फोन, पाच अंदाज. एकात ऊन, एकात गारा. म्हणून सगळेच तयारीने निघत. सीटखाली रेनकोटची गुंडाळी, मोज्यांवर पावाच्या रिकाम्या पिशव्या, उतारावरचा वारा छातीत बसू नये म्हणून शर्टाच्या आत वर्तमानपत्र. चष्मेवाला काचांना कोरडा साबण चोळून पुसून घ्यायचा. त्याने काचांवर वाफ धरत नाही. धुक्यात ग्रुपमध्ये सगळ्यांत स्वच्छ त्यालाच दिसायचं.

हे लक्षात ठेवा. कारण पुढे सगळे त्याला "तुझ्या काचांवर वाफ होती" असंच म्हणणार आहेत.

तर नियम. एकदा गारपिटीत कॅशियरची छाती भरून आली, पण लाजेपोटी तो काही बोलला नाही. शेवटी सायकलसकट रस्त्यावर आडवा झाला. त्या दिवसापासून कोचनी ठरवून टाकलं. हवा फिरली आणि कुणालाही धोका वाटला, तर त्याने फक्त ओरडायचं, "वळा!" ज्याने ऐकलं त्याने तो शब्द पुढे पोचवायचा. सगळ्यांनी जागच्या जागी सायकल वळवायची. मग शेवटचा होतो पहिला, आणि बाकीचे त्याच्या मागोमाग परत.

कोण ओरडलं, का ओरडलं, हे विचारायचं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

"विचारलं की माणूस लाजतो," कोच म्हणायचे. "लाजला की मरतो. वळा म्हटलं की वळायचं!"

चांगला नियम होता. सगळ्यांना पटलेला.

त्या रविवारी पठारावर पोचेपर्यंत ऊन होतं. डॉक्टरीणबाईंनी तर रेनकोट घरीच ठेवला म्हणून कोचची बोलणी खाल्ली होती. मग पहिल्या पवनचक्कीपाशी वारा एकदम पडला. पानसुद्धा हलेना. आणि समोरून धुकं आलं. नेहमी ते दरीतून हळूहळू चढतं. त्या दिवशी रस्त्यावरूनच चालत आल्यासारखं आलं.

चष्मेवाल्याला पुढे कॅशियरचं मागचं चाक दिसत होतं. बस, तेवढंच. पवनचक्क्या दिसत नव्हत्या, पण त्यांची पाती फिरत होती. वारा नसताना.

हूप्... हूप्... हूप्...

मागून धाकट्याचं मडगार्ड. खट... खट... खट...

पाऊस सुरू झाला. बारीक, बोचरा. कुणी बोलत नव्हतं. धुक्यात गप्पा मारायच्या नाहीत, पुढच्याचा शब्द ऐकू यायला हवा, हेही कोचनीच शिकवलेलं.

आणि मग...

पाती थांबली.

सगळी. एकदम. कानात दडे बसल्यासारखं झालं.

आणि मागून हाक आली.

"वळा...!"

आवाज धाकट्याचा होता. चष्मेवाल्याला रतीभरही शंका आली नाही. त्याने तोच शब्द पुढे फेकला. कॅशियरने पुढे, डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पुढे. ब्रेक कुरकुरले. चष्मेवाला उतरला, सायकल उचलून फिरवली आणि बसला. समोर तांबडा दिवा लुकलुकत होता. धाकट्याच्या सायकलचा. तो आधीच वळून निघालाही होता.

"गुडघा दुखतोय का रे?" चष्मेवाल्याने विचारलं.

दिवा तसाच लुकलुकत लांब जात राहिला.

त्याने जोर लावून अंतर कमी केलं. धाकट्याचा पिवळा रेनकोट दिसला. मागचं चाक दिसलं. वाऱ्यापावसात पुढच्याच्या चाकाला चिकटून जायचं, नजर तिथून हलवायची नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. तो चिकटला.

पुढच्याने डावा हात खाली करून दाखवला. डावीकडे खड्डा. चष्मेवाला उजवीकडून गेला. खरंच खड्डा होता. मग उजवा हात. उजवीकडे दगड. खरंच दगड होता.

सगळ्या खुणा बरोबर. एकही चूक नाही...

इथे चष्मेवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. धुकं असं होतं की पुढच्या सायकलीपलीकडे काही दिसत नव्हतं. याला पुढचा खड्डा दिसतो कसा? तोही इतक्या लांबून?

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. मडगार्ड वाजत नव्हतं.

मग तिसरी.

समोरच्या माणसाचे दोन्ही गुडघे सरळ चालत होते.

डावासुद्धा. वर, खाली, वर, खाली. शिवणयंत्रासारखे.

"ए, थांब जरा!" तो ओरडला.

समोरचा थांबला नाही. नुसता हात वर केला. चला, पुढे चला, अशी खूण.

आणि त्याच वेळी त्याला अगदी बारीक, पाठीमागून, लांबून ऐकू आलं...

खट... खट... खट...

तो आवाज जवळ येत नव्हता. चढाच्या दिशेने, वर, पठारावर जात होता. चष्मेवाल्याने स्वतःची समजूत घातली की कॅशियरची साखळी वाजत असेल. माणूस अशा वेळी समजुतीच घालतो. दुसरं करणार काय? मागे तीन जण त्याच्या चाकाला चिकटून येत होते. तो मध्येच थांबला असता तर सगळे एकमेकांवर आदळले असते.

पंपावर उतरले तर तिथे ऊन. रस्ता कोरडा ठणठणीत. मागे वळून पाहिलं तर पठारावर काळा ढग बसलेला, आणि गारांचा आवाज पंपापर्यंत येत होता.

"पाहिलंत?" कोच खूश होऊन म्हणाले. "वेळेवर वळलो. नियम म्हणजे नियम."

पिवळ्या रेनकोटातला माणूस वळला. टोपी मागे केली.

धाकटाच होता. तीच मिशी, तेच हसू. चष्मेवाल्याला स्वतःचीच लाज वाटली.

तरी त्याला राहवलं नाही. नियम मोडून त्याने विचारलंच, "तुला काय दिसलं रे? का ओरडलास?"

कोचनी कपाळाला आठ्या घातल्या.

"मी कुठे ओरडलो?" धाकटा म्हणाला. "तूच तर ओरडलास, दादा."

"मी तुझ्या पुढे होतो."

"तेच मला कळेना," धाकटा शांतपणे म्हणाला. "तू पुढे होतास. मग तुझा आवाज माझ्या मागून कसा आला?"

डॉक्टरीणबाई पायातल्या पिशव्या काढायच्या थांबल्या.

"धुक्यात आवाज फिरतो," कोच म्हणाले आणि विषय संपला.

घरी गेल्यावर आईने दार उघडलं. धाकट्याने ओला रेनकोट खिळ्याला टांगला. आयुष्यात पहिल्यांदा. एरवी तो खुर्चीवर फेकायचा आणि आईची बोलणी खायचा. मग तो जिना चढून वर गेला. एकेक पायरी, कठड्याला हात न लावता.

आई बघतच राहिली. तिने त्या गुडघ्याला वर्षानुवर्षं तेल चोळलं होतं. ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. आनंदाने.

"सरळ झाला रे त्याचा पाय," ती म्हणाली. "व्यायामाचा गुण. आणि रेनकोट बघितलास? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची गेली बघ!"

ती हसत होती. चष्मेवाल्याने हातातला चहा न पिताच खाली ठेवला.

हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, असं होतं कधीकधी. स्नायू मोकळे होतात. धुक्यातच दोन्ही गुडघे सरळ दिसले होते, हे ग्रुपमध्ये सांगितलं तर सगळे म्हणाले, "तुझ्या काचांवर वाफ होती." मडगार्डचं विचारलं तर धाकटा म्हणाला, "वायर घट्ट केली." कधी केली? "मागेच." सगळ्याला उत्तर होतं. साधं, सरळ, पटणारं. चष्मेवाला मला म्हणाला, "माझा भाऊ असा नाही रे. त्याला दोन प्रश्न विचारले की तिसऱ्याला तो शिव्या देतो."

शेवटी त्याने धाकट्याला दुकानात बोलावलं. डोळे तपासायला. धाकट्यालाही चष्मा होता, दरवर्षी तपासायचा, त्यात कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. आधी पट्टीने दोन्ही बुबुळांमधलं अंतर मोजलं. मोठ्या माणसाचं हे अंतर बदलत नाही. बोटाच्या ठशासारखंच म्हणा.

अंतर तेच निघालं. तंतोतंत.

चष्मेवाल्याला हायसं वाटलं. इतकं, की त्याचे डोळे भरून आले. आपण वेडे झालोय, भाऊ धडधाकट समोर बसलाय आणि आपण त्याच्यावर पाळत ठेवतोय, असं वाटून त्याने धाकट्याच्या पाठीवर थाप मारली.

पाठ गार होती. पण दुकानात पंखा चालू होता, म्हणून सोडून दिलं.

मग तक्ता. तो त्याने मुद्दाम आदल्या दिवशी बदलला होता. जुना धाकट्याला पाठ असणार म्हणून. धाकट्याने चष्मा काढून बाजूला ठेवला आणि वाचायला लागला. वरची मोठी अक्षरं वाचली. मधली वाचली. इथे तो दरवर्षी अडखळायचा आणि "खालचं काही दिसत नाही बुवा" म्हणायचा.

तेवढ्यात वीज गेली.

दुकानाच्या आतल्या खोलीला खिडकी नाही. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख.

आणि काळोखात...

धाकटा पुढे वाचत राहिला.

खालची ओळ. तिच्या खालची. सगळ्यांत शेवटची. एकसुरात, न अडखळता.

वीज आली. चष्मेवाल्याने तक्ता पाहिला. एकही अक्षर चुकलं नव्हतं.

"कसं वाचलंस?"

"दिवा जायच्या आधीच बघून ठेवलं होतं," धाकटा म्हणाला आणि हसला. "नंबर उतरला वाटतं माझा. तुझं एक गिऱ्हाईक गेलं, दादा."

त्यानंतरच्या रविवारी पंपावर धाकट्याने स्वतःहून विषय काढला. हा नियम बरा नाही, म्हणाला. पाच माणसं एका हाकेवर वळतात आणि हाक कुणी मारली ते कुणालाच ठाऊक नसतं. उद्या मागून ट्रक आला तर?

बोलणं शहाणपणाचं होतं. कोचनाही पटलं. डॉक्टरीणबाईंनी हात वर केला, कॅशियरने केला. सगळे चष्मेवाल्याकडे बघायला लागले. नाही म्हणायला त्याच्याकडे काय कारण होतं? माझ्या भावाचा पाय बरा झालाय म्हणून?

त्याने हात वर केला. नियम गेला.

आता धाकटा सगळ्यांत पुढे असतो. त्याला रस्ता फार छान दिसतो, असं कोच म्हणतात. शेवटची जागा चष्मेवाल्याने मागून घेतली.

आणि मग पुन्हा एकदा पठारावर धुकं आलं. तसंच. वारा पडला. पाती थांबली.

त्याच्या मागे कुणीही नव्हतं. तो शेवटचा होता.

आणि मागून...

खट... खट... खट...

कुणीतरी धापा टाकत येत होतं. दमलेलं. एक पाय नीट पडत नसल्यासारखा तो ठेका अडखळत होता.

"दादा..."

चष्मेवाल्याने ब्रेक दाबला. एक पाय जमिनीला टेकला.

"दादा, वळ ना रे..."

त्याचवेळी पुढून, धुक्यातून, अगदी त्याच आवाजात हाक आली.

"दादा, येतोस ना?"

दोन आवाज. दोन्ही धाकट्याचे. मध्ये हा, एक पाय टेकवून.

"मला सांग," हे सांगताना तो मला म्हणाला, "पहिल्या वेळी धाकट्याला माझा आवाज मागून आला होता. तसाच हा मला आला. मग हा माझा भाऊ, की त्या दिवशी माझ्या आवाजात ओरडलं ते? आई घरी वाट बघत असते. एक तर तिच्या घरात आहे. मी वळलो आणि मीही नाही आलो, तर?"

तो वळला नाही. पुढे गेला.

हे सगळं त्याने मला त्यांच्या घराच्या गच्चीवर सांगितलं. खाली स्वयंपाकघरातून आईचं आणि धाकट्याचं हसणं ऐकू येत होतं. मी त्याला म्हटलं, मनाचे खेळ आहेत, डोळे तपासून घे. दुसऱ्यांचे नंबर काढता काढता तुझाच वाढला असेल. तो हसला नाही.

"धुकं पडलं की तो येतो," तो म्हणाला. "दर वेळी येतो. फसवायला येत असता तर आवाज जवळ आला असता ना रे?"

"मग?"

"दर वेळी थोडा लांबून येतो. गेल्या रविवारी हाक नव्हतीच. नुसतं मडगार्ड वाजत होतं. मध्ये मध्ये थांबत होतं."

खाली आई जेवायला हाक मारत होती. चष्मेवाला उठेना. तो पठाराकडे बघत होता. तिकडे आभाळ निरभ्र होतं, आणि उद्या रविवार होता.